टेक्सासमध्ये सैनिकांना हँडगन परवान्याची फी माफ: अर्ज पहिल्याच फेरीत कसा मंजूर करून घ्यावा

टेक्सासमध्ये हँडगन अंगावर बाळगण्याच्या परवान्याला सर्वसाधारण अर्जदाराकडून ४० डॉलर घेतात. अमेरिकी सैन्यदलात सेवेत असलेल्यांना ही फी पूर्ण माफ आहे. तरीही दरवेळी काही सैनिक पैसे भरून मोकळे होतात, आणि काहींचा अर्ज एका चुकीच्या कागदासाठी आठवडेच्या आठवडे अडकून पडतो. कायदा सोपा आहे, अडचण कागदपत्रांची आहे. म्हणून या लेखात कागदांवर जास्त भर दिला आहे.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो या भागांत मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि त्यांची मुलंमुली आता आर्मीत, एअर फोर्समध्ये, नॅशनल गार्डमध्ये (राज्याच्या राखीव, बहुधा अर्धवेळ सैन्यात) दिसू लागली आहेत. घरात आधी कुणी बंदूक पाहिलेली नसते, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न असतो. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी. सगळे नियम टेक्सासचे आहेत. दुसऱ्या राज्यात पोस्टिंग असेल तर तिथला कायदा वेगळा असतो. उदाहरणार्थ, ओहायोमध्ये परवाना काउंटीचा शेरीफ देतो आणि सेवेतल्या सैनिकांना तसंच सन्मानाने सेवामुक्त झालेल्यांनाही फी माफ करतो.

आधी परवान्याविषयी थोडं

या परवान्याचं नाव ‘लायसन्स टू कॅरी’, बोलताना सगळे एलटीसी म्हणतात. तो टेक्सासचा सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे डीपीएस, देतो. ड्रायव्हिंग लायसन्स देणारा विभागही हाच. २०१५ अखेरपर्यंत या परवान्याचं नाव ‘कन्सील्ड हँडगन लायसन्स’ होतं, कारण हत्यार कपड्याआड झाकलेलं असणं सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१६पासून परवानाधारकाला ते होल्स्टरमध्ये (अंगावर बांधायच्या म्यानात) उघडपणेही बाळगता येतं. जुने लोक अजून सीएचएल म्हणतात, गोंधळून जाऊ नका.

१ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. मग परवाना काढायचा कशाला? सैनिकासाठी तर तो नक्की काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सैनिकाची बदली होत राहते, आणि एलटीसी तीसहून अधिक राज्यांत मान्य आहे. परवान्याशिवाय बाळगण्याची टेक्सासमधली मोकळीक राज्याची सीमा ओलांडली की संपते. दुसरं, शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याची बंदी आहे. त्या राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट मिळते, नसलेल्याला नाही. शहरात शाळेपासून १००० फुटांच्या आत न येता गाडी चालवणं जवळपास अशक्य आहे. तिसरं, दुकानातून बंदूक घेताना दरवेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीऐवजी टेक्सासचा एलटीसी चालतो. सरकारी विद्यापीठाच्या आवारातही फक्त परवानाधारकालाच झाकून हँडगन नेता येते, आणि तिथेही विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात.

तुम्ही कोणत्या गटात बसता

फी किती लागणार हे तुमच्या गटावर ठरतं. अर्ज भरायच्या आधी आपला गट पक्का करा, कारण भरलेली फी परत मिळत नाही.

सध्या सेवेत असाल तर फी शून्य. यात आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन आणि कोस्ट गार्ड येतात, तसेच रिझर्व्ह, नॅशनल गार्ड आणि टेक्सास स्टेट गार्डही येतात. महिन्यातून एक वीकेंड ड्रिलला (सरावाला) जाणाऱ्या गार्डच्या मुलांना वाटतं की आपण ‘फुल टाइम’ नाही, म्हणून ही सवलत आपल्याला नसणार. तसं नाही, त्यांनाही ती आहे.

सन्मानाने सेवामुक्त होऊन ३६५ दिवस झाले नसतील तरीही फी शून्य. दिवस मोजायचे ते सेवामुक्तीच्या तारखेपासून अर्जाच्या तारखेपर्यंत. हे वर्ष चुटकीसरशी निघून जातं. नवी नोकरी, नवं घर, युनिव्हर्सिटी यांच्या धबडग्यात लोक चौदाव्या महिन्यात अर्ज करतात आणि मग फी पडते. सेवामुक्ती जवळ आली असेल तर टर्मिनल लीव्हवर, म्हणजे सेवा संपण्याआधीच्या शेवटच्या रजेवर, असतानाच अर्ज उरकून टाका. तेव्हा तुम्ही अजून सेवेतच असता.

सेवामुक्त होऊन ३६५ दिवसांपेक्षा जास्त झाले असतील तर नव्या परवान्याला आणि नूतनीकरणाला २५ डॉलर. हरवलेल्या परवान्याची दुसरी प्रत किंवा त्यातला बदल यासाठीची फी अर्धी.

आता कुणाला मिळत नाही ते. सैनिकाच्या पतीला किंवा पत्नीला ही माफी नाही, त्यांनी नेहमीच्या फीने अर्ज करायचा. भारतीय सैन्यातल्या सेवेलाही ती लागू नाही. हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो, कारण मुलांकडे राहायला आलेले निवृत्त सुभेदार, हवालदार, कर्नल आपल्यात बरेच आहेत. कायद्यात सैन्यदल म्हणजे अमेरिकेचं सैन्यदल, आणि त्याला अपवाद नाही.

‘सन्मानाने’ या शब्दालाही वजन आहे. डिस्चार्जचा, म्हणजे सेवामुक्तीचा, प्रकार कागदावर ‘ऑनरेबल’ असायला हवा. ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ असा शेरा असेल तर माफी मिळेल असं धरून चालू नका, पैसे भरण्याआधी डीपीएसला विचारा. ‘डिसऑनरेबल’ डिस्चार्ज झालेल्या व्यक्तीला तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायचीच बंदी आहे.

वय आणि व्हिसा

कायद्यात एलटीसीसाठी साधारण वय २१ लिहिलेलं आहे, पण २०२२मधल्या कोर्टाच्या निकालानंतर १८ ते २० वर्षांच्या इतर पात्र अर्जदारांनाही तो मिळतो. सेवेत असलेल्याला किंवा सन्मानाने सेवामुक्त झालेल्याला तर तो कायद्यानेच १८व्या वर्षी मिळतो. मात्र परवाना मिळाला म्हणजे लगेच दुकानातून पिस्तूल घेता येईल असं नाही. परवानाधारक दुकानदाराने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला हँडगन विकू नये असं फेडरल कायदा म्हणतो. या अटीवर कोर्टात वाद झाले आहेत, तेव्हा खरेदीआधी दुकानात सद्यस्थिती विचारून घ्या. शिवाय काही राज्यं २१ वर्षांखालच्या व्यक्तीचा टेक्सासचा परवाना मानत नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्या राज्यात पिस्तूल घेऊन जाण्याआधी त्या राज्याचा नियम वाचलाच पाहिजे.

ग्रीन कार्डधारकाला अमेरिकी सैन्यात भरती होता येतं आणि बंदूकही बाळगता येते, त्यामुळे तो ही माफी घेऊ शकतो. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच फेडरल कायद्याने मनाई आहे. घरात मुलगा सैनिक आणि आई किंवा भाऊ व्हिसावर, अशी परिस्थिती आपल्याकडे असते. तिथे बंदूक ज्या तिजोरीत ठेवाल तिची किल्ली किंवा कोड फक्त सैनिकाकडेच राहू द्या. ‘बाळगणे’ या शब्दात ताबाही येतो, आणि इमिग्रेशनच्या कागदावर असा डाग कुणालाच परवडणारा नाही.

फी माफ झाली म्हणून पात्रतेच्या अटी माफ होत नाहीत. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. क्लास ए किंवा क्लास बी प्रकारच्या, म्हणजे त्याहून खालच्या पातळीच्या, गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत शिक्षा झालेली नसावी. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हाही क्लास बीमध्ये येतो, हे लक्षात असू द्या. मुलांच्या पोटगीची किंवा राज्याच्या कराची थकबाकी नसावी. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याला तो मान्य नाही, आणि तो ओढणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही.

पहिली पायरी: सेवेचा पुरावा

सेवेत असलेल्याने आपण आजच्या तारखेला सेवेत आहोत हे दाखवणारा चालू कागद द्यायचा असतो. कोणते कागद चालतील याची यादी डीपीएसच्या संकेतस्थळावर सैनिकांसाठीच्या पानावर असते. अर्जाच्या दिवशी ती उघडून तिच्यातलाच कागद जोडा. तीन वर्षांपूर्वीची ऑर्डर जोडली तर ती सेवा आजही चालू आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि अर्ज तिथेच थांबतो.

सेवामुक्त झालेल्यांचा कागद म्हणजे डीडी-२१४. सर्वाधिक अर्ज याच कागदापाशी अडतात, म्हणून नीट समजून घ्या. सैनिकाच्या हाती या कागदाच्या दोन प्रती येतात. ‘मेंबर-१’ ही आखूड प्रत, आणि ‘मेंबर-४’ ही पूर्ण प्रत. आखूड प्रतीत खालचा भाग, म्हणजे २३ ते ३० क्रमांकाचे रकाने, नसतातच. डिस्चार्ज सन्मानाने झाला की नाही हे लिहिलेलं असतं नेमकं २४ क्रमांकाच्या रकान्यात, ‘कॅरॅक्टर ऑफ सर्व्हिस’ या शीर्षकाखाली. आखूड प्रत जोडली की डीपीएसच्या माणसाला सेवा दिसते, पण तिचा शेवट कसा झाला ते दिसत नाही. मग पत्र येतं, दुसरी प्रत मागितली जाते आणि महिना जातो. कागद हातात घ्या, तळाच्या कोपऱ्यात ‘मेंबर-४’ लिहिलंय का पाहा, २४वा रकाना वाचा, आणि १२-बी रकान्यातली सेवामुक्तीची तारीख वाचा. ३६५ दिवस मोजायचे ते याच तारखेपासून.

नॅशनल गार्डमधून बाहेर पडलेल्यांकडे डीडी-२१४ऐवजी एनजीबी-२२ हा फॉर्म असतो. गार्डमध्ये असताना फेडरल सेवेवर जाऊन आला असाल तर दोन्ही असतील.

कागद हरवला असेल तर सेंट लुइस इथल्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रातून प्रत मिळते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. नुकत्याच सेवामुक्त झालेल्यांना ‘मिलकनेक्ट’ या सरकारी पोर्टलवरही ती बहुधा सापडते. सरकारी कार्यालयांसारखं नाव लावून डीडी-२१४ काढून देण्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि हा कागद ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपने कुणाला पाठवू नका. त्यावर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर असू शकतो. डीपीएसच्या अधिकृत पोर्टलवरच तो अपलोड करा.

नावाचा घोळ

मराठी माणसासाठी हा मुद्दा स्वतंत्र लिहावा लागतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं, ग्रीन कार्डवर कधी असतं कधी नसतं, सैन्याच्या नोंदीत त्याचं नुसतं आद्याक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीच्या डीडी-२१४वर माहेरचं नाव आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, हेही नित्याचं आहे.

अर्जावर नाव ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे तसंच, त्याच अक्षरक्रमाने लिहा. सैन्याच्या कागदावर वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचा कोर्टाचा आदेश सोबत जोडा. ‘मागतील तेव्हा देऊ’ म्हणून थांबू नका. भारतातलं विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचा इंग्रजी प्रमाणित अनुवाद करून ठेवा.

दुसरी पायरी: प्रशिक्षण

डीपीएसने मान्यता दिलेल्या प्रशिक्षकाकडे कोर्स करावा लागतो. वर्गातला भाग ४ ते ६ तासांचा. त्यात शस्त्र वापराचे कायदे, हाताळणीतली सुरक्षितता, भांडण शब्दांनी मिटवण्याचे मार्ग, आणि घरात बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं हे विषय असतात. शेवटी लेखी परीक्षा होते. वर्गाचा भाग ऑनलाइनही करता येतो. गोळीबाराची चाचणी मात्र प्रत्यक्ष प्रशिक्षकासमोर रेंजवरच द्यावी लागते.

चाचणीत ५० गोळ्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. लक्ष्य बी-२७ या माणसाच्या आकृतीचं, एकूण गुण २५०, उत्तीर्ण व्हायला १७५. ज्याने हातात पिस्तूल धरलंय त्याला हे अवघड नाही. जो चुकतो तो बहुतेक १५ यार्डांवर नाही, तर पहिल्या टप्प्यात चुकतो. तिथे काही फैरी दोन-तीन सेकंदांच्या मुदतीत झाडायच्या असतात, घाईत ट्रिगर झटकला जातो आणि गोळी खाली-डावीकडे जाते. आधी एकदा रेंजवर जाऊन ५० गोळ्यांचा सराव केलात तर हे सुटतं. सोबत पिस्तूल, किमान ६० गोळ्या, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण न्या. स्वतःचं पिस्तूल नसेल तर बरेच प्रशिक्षक भाड्याने देतात, पण नोंदणी करतानाच विचारा.

सैनिकांना इथेही एक सवलत आहे. सेवेचा भाग म्हणून ठराविक वर्षांच्या आत हँडगनचं प्रशिक्षण झालं असेल तर रेंजवरची चाचणी माफ होते. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला दिसतो. बेसिक ट्रेनिंगमध्ये रायफल चालवली म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. कायद्यात शब्द ‘हँडगन’ आहे. आर्मीतल्या पुष्कळ जणांनी एम-४ रायफलवर पात्रता मिळवलेली असते, पण एम-१७ पिस्तूल हातातही घेतलेलं नसतं. तुमच्या प्रशिक्षणाच्या नोंदीत पिस्तुलाचा स्पष्ट उल्लेख आणि तारीख असेल, तरच ही माफी मागा. नसेल तर दोन तास रेंजवर घालवणं हा कागदांची वाट पाहण्यापेक्षा जलद मार्ग आहे. वर्गातला भाग मात्र या सवलतीने माफ होत नाही.

उत्तीर्ण झाल्यावर प्रशिक्षक एलटीसी-१०० हे प्रमाणपत्र देतो. ते दोन वर्षं चालतं. फोनवर त्याचा स्पष्ट स्कॅन काढून ठेवा, सही आणि प्रशिक्षकाचा क्रमांक वाचता आला पाहिजे.

खर्चाविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माफ होते ती राज्याची फी. कोर्सची फी प्रशिक्षकाची, रेंजचं भाडं रेंजचं, गोळ्यांचे पैसे दुकानाचे, आणि बोटांच्या ठशांचे साधारण १० डॉलर ठसे घेणाऱ्या कंपनीचे. हे सगळं खिशातून जातं. सैनिकांना सूट देणारे प्रशिक्षक आहेत, विचारायला संकोचू नका.

तिसरी पायरी: अर्ज

अर्ज ऑनलाइन, राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून करायचा. हाताशी ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, गेल्या पाच वर्षांतले पत्ते, ईमेल आणि स्कॅन केलेले कागद असू द्या. सैनिकाच्या बाबतीत पत्त्यांची यादी लांबते. बॅरॅक्स, परदेशातली पोस्टिंग, घर, सगळं लिहावं लागतं. आधी एका कागदावर तारखांसकट उतरवून घ्या, नाहीतर अर्ज अर्ध्यात टाइम-आउट होतो.

ड्रायव्हिंग लायसन्स दुसऱ्या राज्याचं असलं तरी अडत नाही. टेक्सास बाहेरच्या रहिवाशांनाही एलटीसी देतं. घरचा पत्ता फ्लोरिडाचा आणि पोस्टिंग टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस तळावर, असे कितीतरी सैनिक आहेत. बंदूक खरेदी करताना मात्र फेडरल नियमाने सैनिक जिथे कायमस्वरूपी तैनात असतो त्या राज्याचाही रहिवासी धरला जातो, म्हणून दुकानात सैन्याच्या ओळखपत्रासोबत बदलीचे कायम आदेशही न्यावे लागतात.

पैसे भरायच्या पानाआधी अर्ज तुम्हाला विशेष गटाविषयी विचारतो. तिथे सेवेतला सैनिक की माजी सैनिक, हे निवडायचं. हा प्रश्न नजरेतून सुटला की पुढच्या पानावर ४० डॉलर दिसतात आणि माणूस सवयीने कार्ड नंबर टाकून मोकळा होतो. एकूण रक्कम शून्य (किंवा माजी सैनिकाला २५) दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. मागे जा आणि गट तपासा. शेवटी जी पावती येते ती पीडीएफ करून ठेवा, तिच्यावरचा क्रमांक स्थिती पाहताना लागतो.

चौथी पायरी: ठसे

ठसे आयडेंटोगो या कंपनीच्या केंद्रावर वेळ ठरवून द्यावे लागतात. अर्ज केल्यावर जो सेवा-संकेत (सर्व्हिस कोड) मिळतो तोच तिथे द्या. दुसऱ्या कामासाठी, समजा शिक्षकाच्या किंवा नर्सच्या परवान्यासाठी, दिलेले ठसे इथे चालत नाहीत. मूळ ओळखपत्र न्या, फोनवरचा फोटो चालत नाही.

मेकॅनिक, बांधकाम किंवा वारंवार सॅनिटायझर लागणारं काम असेल तर बोटांच्या रेषा पुसट होतात आणि ठसे परत येतात. दोन-तीन दिवस आधीपासून रात्री हाताला मलम किंवा साधं खोबरेल तेल लावा, आणि जाताना हात धुऊन कोरडे करून जा. तेलकट बोटांचाही ठसा नीट उमटत नाही.

वाट पाहताना

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्या. एक कागद राहिला तर घड्याळ सुरूच होत नाही. पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर स्थिती पाहा. ‘अपूर्ण’ दिसलं तर काय राहिलं तेही तिथे कळतं. पत्र टपालाने येईल म्हणून थांबू नका. बेसवरच्या पत्त्यावर पत्रं उशिरा पोहोचतात, आणि तुम्ही फील्ड ट्रेनिंगला असाल तर महिनाभर तशीच पडून राहतात. पोस्टल पत्ता घरचा द्या, ईमेल वैयक्तिक द्या. सैन्याचा ईमेल सेवामुक्तीनंतर बंद होतो आणि नूतनीकरणाची आठवण तिथेच अडकते.

परवाना हाती आल्यावर

सगळ्यात आधी हे पक्कं करा: एलटीसी सैनिकी तळावर चालत नाही. फोर्ट हूड असो वा सॅन अँटोनियोचा लॅकलँड, गेटच्या आत राज्याच्या परवान्याला अर्थ नाही. तिथे कमांडरचे नियम चालतात. खासगी बंदूक तळावर आणायची तर आधी नोंद करावी लागते, आणि बॅरॅक्समध्ये राहणाऱ्यांना ती सहसा युनिटच्या शस्त्रागारात ठेवावी लागते. रात्री दमून परत येताना गाडीच्या कप्प्यात पिस्तूल विसरणं आणि गेटवर तपासणीत सापडणं, यातून चांगल्या करिअरला डाग लागतो. पोस्ट ऑफिस, फेडरल इमारती आणि विमानतळाची सुरक्षा तपासणी यांनाही हेच लागू.

टेक्सासमध्ये दुकानं, रेस्टॉरंट, ऑफिस यांच्या दारावर पाट्या असतात. ३०.०६ क्रमांकाची पाटी म्हणजे परवानाधारकाने हँडगन झाकून आणू नये, ३०.०७ म्हणजे उघडपणे आणू नये. लाल रंगात ५१ टक्क्यांची पाटी म्हणजे तो मुख्यतः दारूवर चालणारा धंदा आहे, तिथे पूर्ण मनाई. दारू चढलेल्या अवस्थेत हँडगन बाळगणं हाही गुन्हाच आहे.

शाळेच्या इमारतीत मनाई आहे, आणि ती शनिवार-रविवारीही. आपली मराठी शाळा, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात. त्या दिवशी शाळा बंद असली तरी इमारत शाळेचीच असते. मुलांना सोडायला जाताना हत्यार घरीच ठेवलेलं बरं. मंदिराच्या दारावर पाटी असेल तर तिचा मान राखायचा. नसेल तरी व्यवस्थापनाला आधी विचारलेलं चांगलं.

पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि अंगावर हँडगन असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही दाखवावा लागतो. गाडीत असाल तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, हत्यार कुठे आहे ते तोंडाने सांगा, आणि सांगितल्याशिवाय कुठेही हात घालू नका.

घरात मुलं असतील तर कुलूपबंद पेटीला पर्याय नाही. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. आणि सेवेतून परत आलेल्या माणसाचं मन ठीक नसेल, झोप उडाली असेल, तो गप्प गप्प असेल, तर काही काळ ती पेटी घराबाहेर, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या विश्वासू मित्राकडे ठेवा. ९८८ हा क्रमांक लावून १ दाबला की माजी सैनिकांसाठीची मदत दिवसरात्र मिळते. फोन घरातल्या कुणीही केला तरी चालतो.

भारतात जाताना

भारतात या परवान्याला काडीचीही किंमत नाही. बंदूक नेण्याचा विचार कुणी करत नाही, पण काडतूस विसरलं जातं. रेंजला नेलेली बॅग नंतर मुंबईच्या प्रवासाला भरली जाते, अस्तराच्या कप्प्यात एक ९ मिमीची गोळी असते, आणि ती अमेरिकेत नाही तर परतीच्या वाटेवर मुंबई किंवा दिल्लीच्या स्कॅनरमध्ये दिसते. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, विमान चुकतं आणि वकील शोधावा लागतो. उपाय एकच: रेंजची बॅग वेगळी, तिच्यावर टेप लावून मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती प्रवासाला कधीही वापरू नका.

अमेरिकेतल्या विमानप्रवासात बंदूक नेता येते, पण रिकामी करून, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर सांगून. उतरणार त्या राज्याचा कायदा आधी वाचा. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी ही राज्यं टेक्सासचा परवाना मानत नाहीत.

बदल आणि नूतनीकरण

पत्ता किंवा नाव बदललं तर ३० दिवसांत डीपीएसला कळवायचं. पहिला परवाना मिळाल्यावर चार वर्षं पूर्ण झाली की त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवशी तो संपतो, पुढचे पाच-पाच वर्षांचे असतात. नूतनीकरणाला पुन्हा कोर्स लागत नाही, सेवेचा पुरावा मात्र पुन्हा लागतो. पहिल्या वेळी शून्य फीने मिळाला म्हणून पुढच्या वेळीही शून्यच लागेल असं नाही. मधल्या काळात सेवामुक्त होऊन वर्ष उलटलं असेल तर तुम्ही २५ डॉलरच्या गटात गेलात, आणि आता जोडायचा कागद म्हणजे डीडी-२१४, मेंबर-४. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा, म्हणजे एखादा कागद परत आला तरी हातात वेळ राहतो.